मुलीसारखी

रश्त, ६ बहमन

डॉक्टरकाका,

फोन केला नाही, कारण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. आधी माझी तब्येत विचारता, मग आईचे गुडघे, मग भावाची नोकरी, मग हवा. तेवढ्यात माझा राग उतरतो आणि मी ‘तुमची सावली राहो’ म्हणून फोन ठेवते. कागद ख्यालीखुशाली विचारत नाही.

कॅनडात स्थायिक होण्याच्या माझ्या अर्जावर काल तिथून पत्र आलं. नकार नाही, नकाराच्या आधीचं. पुढच्या महिन्यात, इस्फंदच्या पाच तारखेपर्यंत समाधानकारक खुलासा करा, नाहीतर आहे त्या कागदांवर निर्णय घेऊ. खुलासा तुमच्या पत्राचा मागितला आहे.

तुम्ही काय लिहिलं होतं ते उतरवते. भाषांतर करणाऱ्याने एक शब्द बदललेला नाही. बदलला असता तर बरं झालं असतं.

‘मानदाना पूरकरीम मला मुलीसारखी आहे. तिचे वडील माझे जिवलग मित्र होते. चौदा वर्षं माझ्या दवाखान्याला लागणारे सगळे दात ती प्रेमाने करून देते. आमच्यात कधी पैशाची भाषा झाली नाही. तिचे उपकार या जन्मी फिटणार नाहीत.’

तिथल्या अधिकाऱ्याने लिहिलं आहे की या पत्रावरून अर्जदार एका कौटुंबिक स्नेह्याला विनामोबदला मदत करते असं दिसतं, आणि विनामोबदला मदत हा कामाचा अनुभव धरता येत नाही.

तो माणूस मूर्ख नाही. तुम्ही जे लिहिलंत ते त्याने वाचलं आणि खरं मानलं. असा माणूस आपल्या गावात सापडणार नाही.

डॉक्टर पाशाकींनी मला सख्खी बहीण केली आहे. डॉक्टर फोरूतनांनी लिहिलं की मजुरी हा शब्द काढला असता तर तिचा अपमान झाला असता. म्हणजे रश्तमधल्या तीन दंतवैद्यांनी सहीशिक्क्यासह लिहून दिलं की या बाईने आयुष्यात कधी काम केलेलं नाही. ती फक्त सगळ्यांची नातेवाईक आहे.

मला एक ओळ हवी आहे. ‘मी, डॉक्टर ईरज सोमेसरायी, मानदाना पूरकरीम यांच्याकडून कवळ्या आणि दात करून घेतो आणि प्रत्येक कामाचे पैसे देतो.’ खाली सही, शिक्का, तारीख. मुलगी नको. उपकार नकोत.

येत्या वसंतात मला पंचेचाळीस पूर्ण होतील. हा अर्ज हातचा गेला तर पुढच्या अर्जात माझ्या वयाला शून्य गुण आहेत. पुढचा अर्ज नाही.

मानदाना


रश्त, १० बहमन

डॉक्टरकाका,

काल रहीमआगा मोटारसायकलवरून आला. रोज तो तुमच्याकडून साचे आणतो. काल त्याच्या पेटीत साचा नव्हता. फूमनच्या कुलूचे बिस्किटांचा डबा होता, अजून गरम, आणि त्यावर लिफाफा.

“डॉक्टरसाहेबांनी सांगितलंय, आधी खायचं, मग वाचायचं,” रहीमआगा म्हणाला.

“का? वाचल्यावर खाववणार नाही म्हणून?”

“मला काय ठाऊक ताई. मी दात पोचवतो. राग पोचवायचा असेल तर वेगळं भाडं.”

मी आधी वाचलं. कुलूचे रहीमआगा घेऊन गेला.

नवं पत्र पहिल्यापेक्षा लांब आहे. आता त्यात मी फक्त मुलगी नाही, तुमच्या डोळ्यांतला प्रकाश आहे. आणि हे वाक्य: ‘तिचा हात हा माझाच हात आहे.’ छान. कॅनडाचं सरकार आता तुमच्या हाताला व्हिसा देईल.

पाठोपाठ शम्सीकाकूंचा फोन. “अगं, तुमच्यात काय कागद आले मध्ये? काकांना रात्रभर झोप नाही. म्हणतात, माझं काय चुकलं?” मी म्हटलं, काही नाही काकू. त्यांना नाही सांगू शकत. तुम्हाला सांगते.

शिकून आले तेव्हा मला दात करण्याच्या स्वतःच्या कामाचा परवाना काढायचा होता. आईच्या घरामागची खोली साफ केली होती, अर्ज भरला होता, पाटीवर काय लिहायचं तेही ठरवलं होतं. तुम्ही म्हणालात, “परवाना कशाला बाळ? कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवणार? मी आहे ना.” तुम्ही होतातच. पाटी लागली नाही. पेटीवर तुमच्या दवाखान्याचं नाव, कागदावर तुमच्या दवाखान्याचं नाव, आणि दर महिन्याच्या शेवटी रिकाम्या पेटीत कापसाखाली लिफाफा. तुम्ही विचारायचात, “काय द्यायचं?” मी म्हणायचे, “तुमचंच आहे काका.” तुम्ही म्हणायचात, “असं कसं?” मी म्हणायचे, “खरंच नको.” पुन्हा एकदा तुम्ही, पुन्हा एकदा मी. मग लिफाफा. किती असायचे ते कधी बोललो नाही. बँकेत कधी काही आलं नाही. बँकेतून आपल्या माणसाला पैसे पाठवतात का, असं तुम्हीच म्हणाला होतात.

मला तेव्हा ते सुंदर वाटायचं. हे मी लिहायला नको होतं.

दुसरं पत्र परत पाठवते आहे.

मानदाना


रश्त, १७ बहमन

डॉक्टरकाका,

काल मी दवाखान्यात भांडायला आले होते. तुम्ही खुर्चीतून उठून उभे राहिलात. पेशंटांनी भरलेल्या खोलीत तोंडावर रुमाल धरून म्हणालात, “बघा, माझी मुलगी आली.”

कोपऱ्यातली म्हातारी म्हणाली, “डॉक्टर, तुम्हाला तर मुलगेच ना?”

“देवाने मुलगे दिले. मुलगी दोस्ताने दिली.”

सगळे हसले. मीही हसले. माझ्या त्या हसण्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

मग म्हातारी माझ्याकडे सरकली, तिने बोट घालून वरची कवळी काढली आणि तळहातावर धरून मला दाखवली. “नशीबवान आहेस पोरी. असा बाप. हे त्यांच्या हातचं. स्वतः बसून करतात. माझ्या सुनेने तेहरानला जाऊन केली, ती बोलताना खटखट वाजते. ही बघ, अक्रोड फोडते.”

मी ती कवळी ओळखली. तिच्या टाळ्याची डावी बाजू उंच आहे, त्यासाठी मी तीन वेळा मेण काढून पुन्हा लावलं होतं. म्हातारीला मी काल पहिल्यांदा पाहिलं. तुम्ही तिथेच उभे होता. तुम्ही म्हणालात, “चहा आणा कुणीतरी. माझ्या मुलीला दालचिनीचा आवडतो.”

आतल्या खोलीत झालेलं बोलणं मी जसंच्या तसं लिहिते, म्हणजे पुढे कधी तुम्हाला ते गोड आठवायला नको.

मी म्हटलं, “काका, एक ओळ.”

“मी तुला पैसे दिले असं लिहू? तुझ्या बाबांना काय तोंड दाखवू?”

“बाबांना जाऊन बारा वर्षं झाली.”

“म्हणून तर.”

“पण दिलेत ना पैसे?”

“ते पैसे नव्हते गं. ती ईदी होती. खाऊ होता.”

“दर महिन्याला ईद?”

“तुझी जीभ कधीपासून अशी झाली?”

“कॅनडाचं पत्र आल्यापासून.”

तुम्ही रुमाल खाली घेतलात तेव्हा मी पाहिलं. गेल्या महिन्यात, दयमध्ये, तुमचे खालचे दात काढले हे माहीत होतं. वरचेही गेले हे माहीत नव्हतं. तुमचा चेहरा आत गेला आहे. मी काही विचारलं नाही. मला भांडायचं होतं.

मी म्हटलं, तुम्हाला करवाल्यांची भीती वाटते, चौदा वर्षांचा हिशेब निघेल म्हणून तुम्ही लिहीत नाही. तुम्ही म्हणालात, “कर भरीन. दंड भरीन. ते नाही गं. पैसे दिले असं लिहिणं म्हणजे तू बाहेरची होतीस असं लिहिणं.”

मी म्हटलं, “मी बाहेरचीच होते. तुमच्या पेशंटांनी माझं नावही ऐकलेलं नाही.”

तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. मी तो झटकला. दारातून पाहणाऱ्या तुमच्या कंपाउंडरबाईंना वाटलं असेल काय उर्मट पोरगी. बरोबर वाटलं.

आजपासून तुमचे साचे माझ्याकडे पाठवू नका.

मानदाना


रश्त, २१ बहमन

डॉक्टरकाका,

तूबा लाकानी यांना तुम्ही ओळखता. तुमच्या मते त्या दंतवैद्य नसून घाऊक व्यापारी आहेत. गेलं दीड वर्ष मी त्यांचंही काम करते हे तुम्हाला माहीत नव्हतं. आता माहीत झालं.

त्या मला चहा विचारत नाहीत, ताई म्हणत नाहीत, परक्या बाईसारखं खानम म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी फोनवर विचारलं, “खानम पूरकरीम, एका दाताचे किती घेता?” मी सवयीने म्हटलं, “तुमचंच आहे.” त्या म्हणाल्या, “माझं असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं? आकडा बोला, बाहेर रांग आहे.” मी आकडा बोलले. त्या म्हणाल्या, “हे जास्त आहे.” मी फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते. तासाभराने मोबाईल वाजला. निम्मे पैसे आगाऊ जमा.

मी त्यांच्याकडे गेले. दोन पेशंटांच्या मध्ये उभ्यानेच त्यांनी लिहून दिलं. उतरवते.

‘खानम मानदाना पूरकरीम यांना मी प्रत्येक कामाचे पैसे बँकेतून दिले आहेत, आणि ते बाजारापेक्षा जास्त आहेत. आगाऊ रक्कम आल्याशिवाय त्या प्लास्टर भिजवत नाहीत. मी दोनदा काम परत पाठवलं. दोन्ही वेळा आमचं भांडण झालं. दोन्ही वेळा चूक माझ्या मापात होती, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. स्वभाव तापट. त्यांना तिकडे घेणार असाल तर लवकर कळवा, मला दुसरं माणूस शोधावं लागेल आणि ते यांच्याइतकं चांगलं मिळणार नाही.’

सोबत बँकेचे उतारे आणि मोबाईलवर मला पाठवलेले त्यांचे सगळे संदेश. ‘खानम, हा दात आहे की खुंटी?’ ‘खानम, पैसे घेताना घाई, काम देताना उशीर.’ भाषांतर करणारा वाचताना लाजत होता. म्हणाला, हेही पाठवायचं? मी म्हटलं, हे आधी.

त्या बाईने चौदा ओळींत एकदाही मला बहीण म्हटलं नाही. जिन्यात बसून मी ते पत्र पुन्हा वाचलं.

पण ते दीड वर्षाचं आहे, आणि तिकडे तीन वर्षं लागतात. उरलेलं तुमच्याकडेच आहे. पाशाकी आणि फोरूतन तुमच्याकडे बघून थांबले आहेत. पाशाकी म्हणाले, “ईरजखानांनी लिहिलं की मीही लिहितो. त्यांच्या आधी लिहिलं तर बरं दिसत नाही.”

हे पत्र बंद करत होते तेवढ्यात रहीमआगा आला. मी दारातूनच म्हटलं, त्यांचं काम बंद आहे.

तो म्हणाला, “ताई, हे पेशंटचं नाही. डॉक्टरसाहेबांचं स्वतःचं आहे.”

पेटीत वरच्या आणि खालच्या जबड्याचे साचे होते. चिठ्ठीवर तुमचं अक्षर: ‘तीन इस्फंदला नातीचा साखरपुडा आहे. फोटोत हसावं लागेल. दुसऱ्या कुणाच्या हातचं मी तोंडात घालणार नाही.’

बाकी एक शब्द नाही. माझ्या कागदाबद्दल एक शब्द नाही.

मी पेटी ठेवून घेतली आहे.

मानदाना


रश्त, १ इस्फंद

डॉक्टरकाका,

मापासाठीची मेणाची कवळी रहीमआगाबरोबर दोनदा आली आणि गेली. दोन्ही वेळा तुम्ही चिठ्ठीवर ‘उत्तम’ लिहिलंत. उत्तम नव्हती. पहिल्या वेळी खालची कवळी उजवीकडे उचलली जात होती, मेणावरच्या खुणांवरून मला दिसलं. तुम्हाला कळलं असणार. तुम्ही शिष्टाचार केलात. तोंडात दुखणाऱ्या गोष्टीशीही तुम्ही शिष्टाचार करता. मी ते माझं मीच नीट केलं.

आज पूर्ण झाली. समोरचे दोन दात तेहरानी पांढरे लावलेले नाहीत, सत्तरीच्या माणसाला शोभतील असे लावले आहेत. त्यांच्यामध्ये फट ठेवली आहे. ती तुम्ही मागितली नव्हतीत. आमच्या बैठकीत तुमचा आणि बाबांचा अंजली बंदरावरचा फोटो आहे. दोघांच्या हातात मासा आहे आणि तुम्ही हसताय. तीच फट. नात तुम्हाला ओळखेल.

आता नीट वाचा.

ही कवळी रहीमआगा घेऊन येणार नाही. काल त्याने विचारलं, “कधी नेऊ?” मी म्हटलं, “नाही न्यायची.” तो म्हणाला, “ताई, म्हाताऱ्याचे दात अडवून ठेवता? कुठल्या देशात असं करतात?” मी म्हटलं, “जिथे चाललेय तिथे करत असतील.”

शम्सीकाकूंना पाठवू नका. त्या रडतील आणि मी देऊन टाकेन. मुलांना पाठवू नका, ते मला ताई म्हणतात. तुम्ही या. शिक्का घेऊन या. कागद मी टाईप करून ठेवला आहे, त्यात तुमचं नाव, माझं नाव, वर्षं आणि ‘मोबदला दिला’ हे दोन शब्द आहेत. तिसरा प्रेमाचा शब्द त्यात बसणार नाही, मी जागा ठेवलेली नाही.

आणि या कवळीचे पैसे द्यायचे आहेत. लिफाफा नको. बँकेतून.

तुम्हाला हे नीच वाटेल. आईलाही वाटतं. तिने सकाळपासून माझ्याशी बोलणं टाकलं आहे. मघाशी माझ्यासमोर ताट आपटून म्हणाली, “तुझा बाप असता तर त्याने त्या माणसाच्या पायाशी नेऊन ठेवले असते दात.” मी म्हटलं, “म्हणूनच बाबांकडे कधी काही उरलं नाही.” आता तीही रागावली आहे आणि मीही. घरात फक्त तुमची कवळी हसते आहे, पाण्याच्या वाडग्यात.

परवा साखरपुडा आहे. तोपर्यंत पेज प्या.

मानदाना


रश्त, ३ इस्फंद

डॉक्टरकाका,

आता तुमच्याकडे साखरपुड्याचे पाहुणे जमले असतील. हे पत्र मी आज पाठवणार नाही. उद्या रहीमआगा येईल तेव्हा देईन.

काल तुम्ही आलात तेव्हा मला वाटलं होतं, आधी आईचे गुडघे होतील. तुम्ही आईला नमस्कार केलात, चहा नको म्हणालात आणि सरळ मागच्या खोलीत आलात. चौदा वर्षांत तुम्ही त्या खोलीत आला नव्हतात. मेणाचा वास आला म्हणून असेल, तुम्ही क्षणभर दारात थांबलात. प्लास्टरने पांढरं झालेलं टेबल पाहिलंत, खिडकीतला दिवा पाहिलात, भिंतीवर माझं शिकल्याचं प्रमाणपत्र होतं, ते चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंत.

मी वाडगा पुढे केला. तुम्ही पाठ फिरवून कवळी घातलीत. दोनदा दात मिटलेत, उघडलेत. तुम्ही वळलात तेव्हा तुमचा चेहरा परत आला होता. मला हसायचं नव्हतं, मी हसले नाही. तुम्हीही नाही.

मग तुम्ही रुमाल खिशात ठेवलात आणि विचारलंत, “किती झाले, खानम पूरकरीम?”

चौदा वर्षांत तुमच्या तोंडून माझं आडनाव मी पहिल्यांदा ऐकलं. तुमच्या नव्या दातांतून ते स्पष्ट आलं. एकही अक्षर घसरलं नाही.

मी आकडा सांगितला. तूबाबाईंना सांगते तोच. तुम्ही ‘जास्त आहे’ म्हणाला नाहीत, ‘असं कसं’ म्हणाला नाहीत. मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन एकेक आकडा दाबत बसलात. बोटं चुकली, पुन्हा केलंत. मला मदत करता आली असती. माझा मोबाईल टेबलावर वाजला आणि आपण दोघांनीही तिकडे पाहिलं.

कागद तुम्ही पूर्ण वाचलात. ‘मोबदला दिला’ या शब्दांवर थांबलात. सही केलीत, शिक्का मारलात, शाई वाळेपर्यंत कागद दोन्ही हातांनी धरून उभे राहिलात, आणि म्हणालात, “पाशाकी आणि फोरूतनना मी फोन केला आहे. ते आज संध्याकाळी लिहून देतील. मी सांगितलं, कामाचं लिहा.”

मी म्हटलं, “धन्यवाद.”

मग दार. तुम्ही बूट घातलेत आणि तिथेच उभे राहिलात. आधी मला कळलं नाही तुम्ही कशाला थांबलात. आई आतून बघत होती, तिला कळलं होतं. पैसे देऊन झाल्यावर आपल्याकडे एक वाक्य म्हणतात. माझं लहानपणापासूनचं पाठ आहे, झोपेतही येईल. तुम्ही त्या एका वाक्यासाठी उभे होता. ‘तुमचंच आहे काका’ म्हटलं असतं तर तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवला असता, आईने चहा टाकला असता, आणि सही होऊनही काही झालं नसतं.

ते माझ्या जिभेवर आलं होतं. हे तुम्हाला कळावं म्हणून हे पत्र.

तुम्ही फाटकापर्यंत गेलात, कडी काढलीत, कडी लावलीत. मी दारात उभी होते. म्हटलं नाही.

कागद रात्रीच पाठवले. तिघांचेही.

मानदाना पूरकरीम